अण्णाच्या जिभेवरचं तेजाब

१२ फेब्रुवारी १९४०, सोमवार
शाळेतनं आलो तर परशराम विणकर दारात. हातात निळं लुगडं. त्यानंच विणलेलं, सूत आमच्या थोरल्या भावानं, अण्णानं रंगवलेलं. येळ्ळूरच्या एका बाईनं पहिल्यांदा नेसलं, खाली बसली, गुडघ्यावर टरकलं. हे असं दुसरं लुगडं. परशरामानं एक धागा काढून ओढला. आवाजसुद्धा न करता तुटला. अण्णा म्हणतो, "गिरणीचं सूतच कुजकं." इतकी वर्षं त्याच गिरणीचं घेतोय. पुढं बोलायला गेलो तर आंघोळीला निघून गेला.

१३ फेब्रु.
वर्गात शिकवतानाही तेच डोक्यात. सूत खाणारी एकच गोष्ट आमच्या घरात आहे, तेजाब. निळीच्या पिंपातला चुना सुताला चिकटतो, तो काढायला शेवटी गंधकाच्या तेजाबाच्या पातळ पाण्यात बुडवतात, मग धुतात. पाणी कडक झालं किंवा धुणं कमी पडलं, की वाळताना सूत जळतं. अण्णाला विचारलं, तेजाब किती घालतोस?
"अंदाजानं."
"अंदाज बरोबर आला हे कळतं कसं?"
"जिभेवर थेंब ठेवायचा. आपल्या आप्पांनी जन्मभर तेच केलं."
मी वडगावातनं रोज सायकल मारत शाळेत जाऊन पोरांना आम्ल आणि अल्क शिकवतो. आणि घरात हे.

१५
तेजाब मोजायला हेडमास्तरांकडं ब्युरेट मागितली, थेंबाथेंबानं सोडायची आकडे कोरलेली काचेची नळी. "घरी? घरी कशाला?" सगळं सांगावं लागलं. शेवटी दिली, फुटली तर तुम्ही जाणा म्हणून. सायकलवर कॅरियरला बांधायची भीती, म्हणून धोतरात गुंडाळून एका हातात धरून आणली. लोक बघत होते.

१८, रवि.
सगळं वाया. दोनदा मोजलं, दोन आकडे, एकाचा दुसऱ्याशी संबंध न्हाई. मग लक्षात आलं. सोड्याचं द्रावण मी विहिरीच्या पाण्यात केलेलं, ज्यात डाळसुद्धा शिजत न्हाई. पांढुरकं झालेलं डोळ्यांनी बघितलं, तरी पुढं गेलो. असा मास्तर.
अण्णा ओट्यावरनं, "झाली का पूजा?"

२०, मंगळ.
शाळेतनं बाटलीभर शुद्ध पाणी आणलं. आज नीट. अण्णाच्या तेजाबाच्या टबातलं पाणी २० सी.सी., रंग दाखवायला मिथिल ऑरेंजचे दोन थेंब, लाल. वरनं ब्युरेटमधनं तेजाब मारणारा दशांश नॉर्मल सोडा सोडला. ३६ सी.सी.वर पिवळं, तेजाब संपलं. पुन्हा ३६. पुन्हा ३६. म्हणजे ०.१८ नॉर्मल, गुणिले ४९, लिटरला जवळजवळ नऊ ग्रॅम तेजाब. निळीच्या डब्यातल्या कंपनीच्या कागदावर लिहिलंय तीन. तिप्पट.
अण्णाला दाखवलं.
"तुझी काचेची नळी मला शिकवणार व्हय रं?"


२२
अण्णा सूत वाळत घालायला गेला तेव्हा वैनी चुलीपाशी हळूच म्हणाली, "भावजी, काल आमटीत मीठच घातलं न्हाई मी. मुद्दाम. ह्यांनी भुरकून खाल्ली."
मला कळेना.
"दिवाळीतल्या तापापासनं असंच हाय. चवच लागत न्हाई. कुणाला सांगायचं न्हाई म्हणाल्यात."
मीठ कमी पडलं तर ताट सरकवणारा माणूस. तरी त्याच जिभेवर तेजाब मोजतोय, आणि ही दिवाळीपासनं गप्प. आणि मी शेजारी बसून जेवतोय रोज, मला…
कुणावर चिडायचं तेच समजेना.

२४
परसात गाठलं.
"चव गेली हे सांगितलं का न्हाईस?"
सूत पिळता पिळता म्हणाला, "कुणाला सांगू? सूत घेऊन येणाऱ्याला? तोंडात माती धरल्यागत हाय, दत्तू. आंबट लागंना म्हणून आणखी घालत गेलो."
धुतानाही जिभेनंच बघायचा. आंबट लागलं न्हाई की धुणं थांबायचं. म्हणजे दोन्हीकडनं चुकत होतं.
मी पुढं झालो. पिळायला दुसरं टोक धरलं.

२६
हिशेब केला. आमच्या घागरीला वीस सी.सी. पुरे. टबात घागरी किती, यावर नवराबायकोचं भांडण. वैनी दहा म्हणते, अण्णा म्हणतो मावतील तेवढ्या. शेवटी ओतून मोजल्या. दहा.
धुण्यासाठी लिटमसचा निळा कागद. लाल झाला की तेजाब उरलंय, आणखी धुवायचं. वैनी पहिल्याच वेळी शिकली. अण्णानं सगळं मान्य केलं, पण गिऱ्हाइकासमोर थेंब जिभेवर ठेवणार म्हणतो. "मग आमच्या मोजण्याला काय अर्थ?" "तुला न्हाई कळायचं." लई समजावलं. भिंतीशी बोलणं.

२ मार्च, शनि.
परशराम नवीन सूत घेऊन आलता. टब तयार. अण्णानं बोट बुडवलं, जिभेला लावलं. "बरोबर हाय."
परशराम हळूच म्हणाला, "अण्णा, मास्तरांना बघू द्या की एकदा."
म्हणजे चव गेल्याचं याला माहीत आहे. कधीपासनं, कोण जाणे.
अण्णानं माझ्याकडं बघितलं, धोतराला हात पुसला आणि आत गेला.
मी मोजलं. बारा पूर्णांक दोन दशांशावर पिवळं. तीन ग्रॅम, बरोबर. परशरामाला सांगितलं. त्यानं मान हलवली, पण गाठोडं सोडलं न्हाई. उचललंही न्हाई. ओट्यावर बसलाय, अण्णा बाहेर येऊन हो म्हणायची वाट बघत.
वैनीनं दोनदा हाक मारली. आतनं ओ न्हाई.