धाकटीचा साफ रिपोर्ट

११ जानेवारी, शनिवार

ती. दादांना नमस्कार. वहिनींनाही सांगा.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे बाजूला ठेवाल, म्हणून टपालात न टाकता तुमच्या मुलीच्या हाती दिलं आहे. ती समोर बसली आहे तोवर तरी वाचाल.

इकडे ठीक आहे. रजा संपली, कामावर रुजू झालो. दुकानांतले वजनकाटे तपासत फिरतो, त्यात दिवस जातो. दुकानदार खुर्ची पुढे करतात आणि काट्याकडे बघत बसतात. घरी अजून दोघांचाच भात पडतो. तुमच्या धाकट्या बहिणीचे कपडे कपाटात तसेच आहेत. वहिनींना सवड झाली तर त्यांनी एकदा बघावेत. मला ते काम जमेल असं वाटत नाही.

परवा तुमची मुलगी आली होती. चहा तिनेच केला. जाताना चपला घालता घालता म्हणाली, "बाबा हल्ली अर्ध्या ताटावरून उठतात. उजव्या बरगडीखाली हात दाबून बसतात. विचारलं तर म्हणतात, जाळं ओढून भरून आलंय." रात्री अंगाला खाज सुटते, हेही तिनेच सांगितलं. मी म्हटलं, मग तपासून का घेत नाहीत? तर म्हणाली, "काका, तुम्ही तर बोलूच नका. दवाखान्याचं नाव काढलं की बाबा भडकतात. आत्याचा रिपोर्ट साफ होता म्हणतात. माशाचा काही संबंध नाही, भाऊजींनी उगाच माझ्या डोक्यावर खापर फोडलं म्हणतात."

त्या खापराबद्दलच लिहायचं आहे. दोन दिवस कागद घेऊन बसतो आणि उठतो.

वॉर्डाबाहेर, सगळ्यांसमोर, मी तुम्हाला म्हणालो की तुमच्या लिंबातल्या माशाने तिला मारलं. तुम्ही आवाज चढवला नाहीत. हातातली डब्याची पिशवी बाकावर ठेवलीत आणि म्हणालात, "ती साफ असल्याचा कागद तुम्हीच दाखवला होतात मला." मी गप्प झालो. तुम्हाला वाटलं असेल, दुःखाने गप्प झालो.

तिला दाखल केलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "कच्चा मासा खाता का?" धाकटी लगेच म्हणाली, "छे, कच्चा कोण खाणार? शिजलेलाच." ती खोटं बोलत नव्हती. तुमच्या घरी लिंबाच्या रसात घातलेला मासा पांढरा पडला की शिजला, असंच म्हणतात. लग्नानंतर मीही तसंच समजत आलो. मीही मान डोलावली. चौथ्या दिवशी बाईंनी सहज विचारलं, "शिजवता कशावर?" ती म्हणाली, "लिंबावर." बाईंनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी मला नंतर कागदावर काढून दाखवलं. नदीतल्या, तळ्यातल्या माशांच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी कृमींची पिल्लं असतात. लिंबाने मासा पांढरा होतो, पण ती मरत नाहीत. मीठ लावून वाळवलेल्या माशाचाही भरवसा नाही. विस्तवावर नीट शिजवला तरच मरतात. पोटात गेली की ती यकृतातल्या पित्ताच्या नळ्यांत जाऊन बसतात, काकडीच्या बीएवढे चपटे कृमी होतात, आणि वीस-वीस वर्षं तिथेच जगतात. बहुतेकांना काही जाणवत नाही. सगळ्यांनाच कॅन्सर होतो असंही नाही. पण नळ्या सुजत राहतात, आणि काहींना शेवटी तो होतो, धाकटीला झाला तसा. वेळेत कळलं तर कृमी गोळ्यांनी जातात. कृमी आहेत की नाहीत हे शौचाच्या तपासणीत कळतं, त्यांची अंडी दिसतात.

आता तो कागद.

नऊ वर्षांपूर्वी आमच्या वसाहतीत शौचाच्या याच तपासणीचं शिबिर आलं होतं. माणसागणिक एक डबी, वर नावाची चिठ्ठी. धाकटीने ती चिमटीत धरून माझ्याकडे दिली. "शी! ती नर्स मला रोज बाजारात भेटते. तिच्या हातात हे देऊ? मग भाजी घेताना तिच्या तोंडाकडे कशी बघू?" मी म्हटलं, अगं, तिचं कामच आहे ते. तर म्हणाली, "मग तुमचंच घाला दोन्हीत. नाहीतरी नवराबायको एकच म्हणतात ना, आज तेवढं तरी खरं करून दाखवा." आम्ही दोघेही खूप हसलो.

आणि मी दोन्ही डब्या भरल्या. माझंच घालून.

मी लिंबातला मासा कधी खाल्ला नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मला तळलेलाच लागतो. तुम्ही चिडवायचात, "आमच्या भाऊजींना मासा मेल्याची दोनदा खात्री लागते." तेव्हा माझ्यात काही सापडणार नव्हतंच. दोघांच्याही नावापुढे "दोष नाही" असं आलं. ज्यांच्यात अंडी सापडली त्यांना त्याच आठवड्यात गोळ्या मिळाल्या. समोरच्या शिंपीणबाईंनी घेतल्या, त्या आजही मशीनवर बसतात.

त्या वर्षी सुट्टीत आम्ही तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही विचारलंत, "मीही करून घेऊ का?" धाकटीने तुमच्यापुढे तो कागद नाचवला. "एका पातेल्यातलं खाल्लंय आपण, दादा. मी साफ म्हणजे तूही साफ." मी शेजारीच बसलो होतो. तिला थांबवायला एक वाक्य पुरलं असतं. पण तुमच्यासमोर तिची फजिती होईल, आणि माझीही, म्हणून बोललो नाही. पुढे तर मी ते विसरूनच गेलो. आयुष्यभर लोकांची खोटी मापं जप्त करत आलो आणि हे विसरलो.

शेवटी शेवटी तिला आठवलं असावं. एकदा नुसतीच म्हणाली, "ती डबी..." मी म्हटलं, झोप आता. पुन्हा तिने विषय काढला नाही. तेव्हा गोळ्या मिळाल्या असत्या तर ती वाचली असती का, हे मी डॉक्टरीणबाईंना विचारलेलं नाही. विचारायची हिंमत नाही.

दादा, तुम्ही मासा दिलात तो माहीत नसताना, प्रेमाने. मी मात्र खोटा कागद दिला, आणि तुम्ही अजून त्यावर विसंबून आहात. तुमची तपासणी कधी झालेलीच नाही. वहिनींची नाही, मुलीचीही नाही. गुरुवारी सकाळी डॉक्टरीणबाई बसतात. त्यांना तुमचं दुखणं आणि खाज सांगून ठेवली आहे. त्या म्हणाल्या, नुसती शौचाची तपासणी पुरणार नाही, पोटाची सोनोग्राफीही लागेल, उशीर करू नका. त्या कच्चा मासा खाता का विचारतील. हो म्हणा.

मुलीला यातलं काही सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. गुरुवारी मी दवाखान्यात नसेन, म्हणजे माझं तोंड बघावं लागेल म्हणून तुम्ही मागे राहायला नको. माफी मागत नाही. माझ्याशी जन्मभर बोलू नका, पण तिघेही जा.

तुमच्या धाकटीचा नवरा