बेट्टदपुरच्या पायऱ्या

अप्पा, आज मी बेट्टदपुरला जाऊन आले. तिथल्या एका सात वर्षांच्या मुलीनं डोंगरावरचं देऊळ पायथ्याहून पाहिलं. हे आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं.

लष्कर मोहल्ल्यातल्या आपल्या दुकानात तुम्ही चष्म्याच्या काचा घासायचात आणि मी शाळेतून येऊन चिठ्ठ्यांवरचे नंबर वाचून दाखवायची. एकदा एक मूल आईबरोबर आलं. मी चिठ्ठी वाचली आणि पुस्तकात डोकं घातलं. तुम्ही मशीन थांबवलंत. "पोरगं मान वाकडी करून बघतंय, दिसलं का तुला? चिठ्ठी कोणीही वाचेल. आधी माणसाकडे बघ." गिऱ्हाइकासमोर बोललात म्हणून दोन दिवस मी तुमच्याशी अबोला धरला होता.

बेट्टदपुरची ही मुलगी डोळ्यांच्या इस्पितळात माझ्याकडे आली ती तिसरा चष्मा घालून. आई पिरियापट्टणला तंबाखूच्या कामाला जाते. शाळेत मुलीला मंद म्हणत. मी तपासलं, तर दोन्ही डोळ्यांतली भिंगं जागेवरून खाली घसरलेली. मी शस्त्रक्रियेची तारीख दिली. मायलेकी निघाल्या. मुलगी दारापर्यंत चालत गेली आणि माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. वयाच्या मानानं फार लांब, काटकुळे पाय, बोटंही तशीच. तुमचं ते बोलणं कानात वाजलं. मी दोघींना परत बोलावलं आणि म्हटलं, आधी रक्त तपासायचं.

आमचे मोठे डॉक्टर म्हणाले, "गरीब माणसं आहेत. सुम्ने, उगाच कशाला घाबरवता? डोळ्याचं काम आहे, डोळ्याचं करा."

"सर, रिपोर्ट येईपर्यंत मी भूल देऊ देणार नाही," मी म्हटलं.

रिपोर्ट आला. जन्मापासूनचा, क्वचित आढळणारा आजार; अन्नातल्या प्रथिनांचा एक भाग तिच्या शरीराला पचवता येत नाही. हे माहीत नसताना भूल दिली असती, तर रक्ताची गाठ होऊन ती टेबलावरच जाऊ शकली असती. मोठ्या डॉक्टरांनी रिपोर्ट वरपासून पुन्हा वाचला. मग म्हणाले, "तुम्ही बरोबर होता." गोळ्या आणि पथ्य सुरू झालं. साधं जीवनसत्त्व, पण तिला लागू पडलं. मग पूर्ण काळजी घेऊन आम्ही एकेक डोळा केला. तिच्या तान्ह्या बहिणीलाही तोच आजार निघाला; तिला वेळेत औषध मिळालं, तिची भिंगं अजून जागच्या जागी आहेत.

आज मुलगी पायथ्याशी उभी राहिली, नवा चष्मा नाकावर सारखा केला आणि म्हणाली, "अम्मा, मेट्टिलु काणत्ते." पायऱ्या दिसतायत. मग बोटानं वर वर जात देवळापर्यंत पोचली. आई रडत होती. मुलगी मात्र पायऱ्या मोजायला लागली, चुकली की पुन्हा खालून.

गावातले लोक म्हणाले, देवाची कृपा. मी मान डोलावली. पण अप्पा, तुम्ही आता नाही, हे पत्र कुठंच जाणार नाही, म्हणून सांगते: तेव्हा मी मनात म्हणत होते, मी केलं. दोनदा म्हटलं.