काळी गाडी, तोंडाला रुमाल

१० नोव्हेंबर, सोमवार
आजपासून मोनिकाच्या मोबाईलवर कडक लक्ष. ठरलं. दहावीचं वर्ष, त्यात हे इंटरनेट. या वयातली मुलं कशावरही विश्वास ठेवतात. जेवताना सविताला समजावलं. ती म्हणाली, आधी हातातला मोबाईल ठेवा आणि भाजी संपवा. मी टाइमपास करत नव्हतो. कर्जतहून माझ्या थोरल्या बहिणीचा, छबूताईचा मेसेज आला होता, तो वाचत होतो.

११ नोव्हेंबर
मेसेज भयानक आहे. मुलं पळवणारी टोळी जिल्ह्यात शिरली आहे. क्लासबाहेर थांबतात. काळी मोटारसायकल, तोंडाला रुमाल. सोबत ऑडिओ, एक बाई रडत सांगते आहे. रडणं खरं आहे, ऐकून कळतं. मोनिका रोज कोल्हारहून एसटीनं लोणीला क्लासला जाते.
तिला ऐकवला. म्हणाली, पप्पा, यात गाव कुठलं, तारीख कुठली? हा ऑडिओ मागच्या वर्षीपण फिरत होता. शाळेत त्यांना शिकवलंय म्हणे, पुढे पाठवण्याआधी शोधायचं. शोधलं. गुगलवर काहीच नाही. म्हणजे प्रकरण दाबलंय.
सगळ्या ग्रुपवर टाकला. पतसंस्थेचा, गल्लीचा, क्लासच्या पालकांचा. शेवटची ओळ माझी: ‘लोणीत दिसल्याची खात्रीलायक माहिती.’ खात्री नव्हती, पण त्याशिवाय लोक सावध होत नाहीत.

१३ नोव्हेंबर
पतसंस्थेत काम सुचेना. एका आजीच्या पासबुकात दुसऱ्याचंच नाव घातलं. दुपारी छबूताईचा पुन्हा मेसेज, आता त्यात लोणीचा उल्लेख आहे. साडूंकडूनही तोच आला. म्हणजे माझा अंदाज बरोबर निघाला. आता शंकेला जागा नाही.
छातीत धडधड. सविता म्हणते, चहा कमी करा.

१४ नोव्हेंबर
निर्णय घेतला. उद्या स्वतः क्लासबाहेर पहारा देणार. मोनिकाला कळता कामा नये, नाहीतर वर्गात तिची चेष्टा होईल. आमची स्कूटी ती लांबून ओळखते, म्हणून ऑफिसातल्या फैयाजची मोटारसायकल मागितली. काळी आहे, मळ दिसत नाही. तोंडाला रुमाल बांधीन. उसाच्या ट्रॉल्यांची धूळ फार, कुणाला वेगळं वाटायचं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
डोळ्यावर सूज, अक्षर वाकडं येतंय.
क्लाससमोरच्या रसवंतीपाशी थांबलो. पोरांवर नीट नजर ठेवून होतो. एका बाईनं विचारलं, कुणाची वाट बघताय? मी म्हटलं, कुणाची नाही. तिनं मोबाईल काढला. त्यात बघितलं, मग माझ्याकडे, मग गाडीकडे.
पुढचं फार भरभर झालं. ह्योच हाय त्यो, असं कुणीतरी म्हणालं. किल्ली काढली. कॉलर धरली. रुमाल ओढला. कुटला हाय तू? कोल्हार म्हणायचं होतं, तोंडातून नुसती हवा आली. पोरं कुटं नेतो रं, म्हणत पहिली चपराक कानावर. मग मोजता आल्या नाहीत. एकानं कमरेचा पट्टा सोडला. एकानं नाकासमोर मोबाईल धरला, हे बघ, तुझंच वर्णन हाय. वाचलं. शेवटची ओळ माझी होती.
वाटलं, संपलं.
मोनिका गर्दीत घुसली. हे माझे पप्पा आहेत, म्हणत होती. कुणी ऐकेना. एक जण म्हणाला, पोरीला शिकवून ठिवलंय. ती घसा फाटेस्तोवर ओरडत राहिली. मग रडत रडत मोबाईलमधला दिवाळीचा फोटो एकेकाला दाखवला. तिचे सर बाहेर आले तेव्हा पट्टा खाली झाला.
सॉरी कुणी म्हटलं नाही. रसवंतीवाल्यानं पाणी दिलं.

१६ नोव्हेंबर
डोळा बंद. ऑफिसात उद्याची रजा कळवली, कारण बाथरूममध्ये घसरलो.
दुपारी घरच्या ग्रुपवर छबूताईचा व्हिडिओ. ‘लोणीत टोळीतला एक पकडला. चेहरा लक्षात ठेवा.’ व्हिडिओत मी. तोंड सुजलेलं, ताईनंही ओळखलं नाही. मोनिका येण्याआधीच तो संपतो. खाली साडूंनी लिहिलंय, असल्यांना जिवंत सोडू नये.
मी लिहिलं, हे खोटं आहे.
ताईनं विचारलं, कशावरून? पुरावा पाठव.
‘तो मी आहे’ असं टाईप केलं. पुसलं. संध्याकाळपर्यंत पुन्हा टाईप केलं, पुन्हा पुसलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार
वर्गातल्या कुणाकडे तरी पूर्ण व्हिडिओ आहे. मोनिकाच्या ओरडण्याला म्युझिक लावून रील केलंय. खाली हसण्याच्या इमोजी. मला सविताकडून कळलं. मोनिकानं काहीच सांगितलं नाही. दोन दिवस धड जेवलेली नाही. फाटकाची कडी वाजली तरी दचकते.
आज क्लासची एसटी गेली, ती खोलीतच. मी दाराशी जाऊन म्हटलं, घाबरू नकोस, मी सोडायला येतो, तिथंच थांबतो.
तिनं आतून कडी लावली. मग म्हणाली, पप्पा, प्लीज, तुम्ही नका येऊ.