सईचा पोलिश उखाणा

१४ ऑक्टोबर २०१७, ग्वेल्फ, कॅनडा

आज लिहायलाच हवं. नात सई लग्नाआधी पोलिश शिकतेय, कारण होणाऱ्या नवऱ्याच्या, मारेकच्या, आजीला इंग्रजी येत नाही. दुपारी बेसमेंटमधून रडवेली वर आली. "आज्जी, आय गिव्ह अप! शिजवताना, शिजवून, शिजवलेलं, पोलिशमध्ये प्रत्येक शब्दाला वेगळं शेपूट!"

मी चौथी शिकलेली, मला त्या शेपटांचं काय कळणार? पण म्हटलं, "अगं, आपण उखाण्यात असंच तर म्हणतो. पोळ्या लाटताना, तूप वाढून... घे की मारेकचं नाव!"

हसली. खटपट करून पोलिशमध्ये उखाणा जुळवला. व्हिडिओ कॉलवर त्या आजीला आपली रीत सांगितली आणि म्हणून दाखवला. म्हातारीने चष्मा काढून ठेवला. सईचा चेहरा पडला. शेपूट चुकलं की काय? मग आजी डोळे पुसून काहीतरी बोलली. सई म्हणाली, "आज्जी, त्यांनी पण नाव घेतलं! वारलेल्या आजोबांचं."

आपल्याकडे नवरा गेलेली बाई उखाणा घेते कुठे? हे गेल्यापासून मीही नव्हता घेतला. पण ती घेते, तर मी का नको? घेतला बाई! कित्ती लाजले मेली! दोघी टाळ्या वाजवत होत्या.