लखनचं खातं

१ डिसेंबर
आलो एकदाचा सुरतला! खोली लिंबायतला, काम भेस्तानच्या लूम म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात. ऑफिसातल्या लिनक्स कॉम्प्युटरवर डॅशबोर्ड बसवायचा. बाहेरचा सर्व्हर नको, सगळं आपल्याच मशीनवर. चोवीस लूमपैकी कुठला चालू, कुठला बंद, ते शेठला मोबाइलवर दिसलं पाहिजे. चालू हिरवा, बंद लाल. दुपारपर्यंत पान उघडलंसुद्धा. असा हरखलो मी! सुताच्या कांड्या भरणाऱ्या शोभामावशींना हाक मारून दाखवलं. त्या म्हणाल्या, छान आहे, पण लखननं रंग आणखी ठसठशीत केले असते.

लखन म्हणजे माझ्या आधीचा. अर्धं काम त्यानंच करून ठेवलंय. दिवाळीआधी मागच्या शेडमध्ये शॉक लागून गेला बिचारा.

३ डिसेंबर
बिचारा कसला! दिवसभर नुसतं लखन, लखन. शेठच्या तोंडी लखन. चहावाल्याकडे लखनचा वेगळा कप, तो मला देत नाही. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये, कळतं मला. पण होतो, काय करू? डॅशबोर्ड उघडला की वर, वापरणाऱ्यांच्या यादीत, पहिलं नाव त्याचंच, शेजारी हिरवा ठिपका. त्याचं लॉगिन बंद करायचं राहून गेलं असेल.

निघताना मावशी म्हणाल्या, "लखनचं खातं बंद करू नको हं, भाऊ." इथे लूमच्या शेडला खातंच म्हणतात. मला वाटलं, मागच्या शेडबद्दल बोलतायत. तिला तर शेठनी कधीच कुलूप घातलंय. मी आपलं बरं म्हटलं.

५ डिसेंबर
पुसलं! लखनचं युजर खातं उडवलं आणि त्याच्या सगळ्या मांडणीवर माझं नाव घातलं, चेतन. शेठ खूश. जिवाला काय गार वाटलं म्हणून सांगू!

संध्याकाळी मावशींनी पान पाहिलं आणि मटकन खाली बसल्या. त्यांना हेच खातं म्हणायचं होतं. मेल्यावरही लखन जेवणाच्या सुट्टीत येऊन याच खात्यावर काम करत बसायचा म्हणे. कोणाच्या वाटेला जायचा नाही. आता तो बसेल कुठे, असं विचारत होत्या. मी हसलो.

८ डिसेंबर
जेवून आलो तर खुर्ची गरम. माझ्या नावानं कोणीतरी रंग बदललेत — ठसठशीत. मावशी म्हणाल्या, आता कसं लखनसारखं झालं. मला हेवा वाटला. माझ्याच खात्याचा —

९ डिसेंबर
कॉम्प्युटर पासवर्ड घेत नाही. चेतनचं खातं बंद आहे म्हणतो. चहावाल्यानं आज तो कप दिला. शेठनी पाठ थोपटली, शाबास लखन म्हणाले. सगळे तेच म्हणतायत. मी ओरडतोय, चेतन, अरे मी चेतन — कोणी —

१० डिसेंबर
डॅशबोर्डवर पहिला लखन. हिरवा. खाली चेतन — लाल. हे अक्षरही माझं नाही. हवं होतं ना मला त्याचं सगळं — विसरायच्या आत लिहितो. गाव चोपडा. आई सुषमा. माझं नाव लख