सायलीच्या ठोक्याला उत्तर

महेश, तुझी कंबर कशी आहे? रूपाली, नांदगावला साखर वेळेवर तपासतेस ना? छायाताई, तुमचा बसलेला घसा सुटला का? सायलीचा खोकला गेला. पोर बोलत मात्र नाही. माझं विचाराल तर डोकं ठिकाणावर आहे, म्हणूनच भडकलेलं आहे.

मी, बहिरू रामजी पेखळे, वय चौऱ्याहत्तर, राहणार सातपूर, नाशिक, कोणाच्या भरीला न पडता, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहितो.

कलम १. पुढच्या दोन खोल्या मुलगा महेश याला. बँकेतली ठेव महेशची मुलगी, माझी नात सायली हिला. ती सज्ञान होईपर्यंत माझी मुलगी रूपाली हिने सांभाळावी.

कलम २. मागची खोली छायाताईंच्या कामासाठीच राहील. गोडाऊन करू नये. इकडून तिकडे फिरवलेली, माणसांना बुजलेली पोरं दर रविवारी तिथे येतात. चित्रं, माती, ढोल यांतून ताई त्यांना पुन्हा माणसांत आणतात. गल्ली म्हणते, "म्हातारा पोरांना ढोल बडवायला बसवतो." अरे, बडवायला नाही! मूल जसं वाजवेल तसंच समोर बसलेल्या घरच्या माणसाने परत वाजवायचं. शिकवायचं नाही, सुधारायचं नाही. आपण हाक मारली की कोणीतरी ओ देतं, हे पोराच्या अंगात मुरावं म्हणून. किती वेळा सांगू?

सायलीची आई वारली, तेव्हा पोर आधी नांदगावला आत्याकडे, मग घोटीला आजोळी, मग माझ्याकडे. दार वाजलं की पलंगाखाली शिरायची. वर्षभर समोर बसलो. तिचा एक ठोका, माझा एक. शेवटी हसली. महेश, दसऱ्याच्या सुट्टीत चाकणहून तू आलास त्या रविवारी तिने आपणहून तुझ्यापुढे मोठा ढोल सरकवला. तिने वाजवलं, आणि तू तिच्या हातातलं टिपरूच काढून घेतलंस! "असं नाही गं बाळा, ताल बघ," म्हणत मिरवणुकीचा हात सुरू. खिडकीतून ढोलपथकवाला नाथा ओरडला, "वा रे पठ्ठ्या!" आपल्या नाशिकच्या माणसाला ढोल दिसला की समोरचं माणूस दिसत नाही. तेव्हापासून पोरीने टिपरू धरलेलं नाही.

कलम ३. नाथाच्या पथकाला माझा एकही ढोल देऊ नये. गणपतीत उसना मागितला तरी नाही. दोरीसुद्धा नाही.

कलम ४. लहान ढोल सायलीचा. मोठा महेशचा, पण त्याने तो तिच्यासमोर बसून, तिच्या ठोक्यामागूनच वाजवावा. वकील म्हणाले, "काका, अशी अट कागदावर चालत नाही." मग कशावर चालते? महेश, माझ्यामागे तिच्यापाशी तूच उरणार आहेस ना! म्हणून याची प्रत मी जिवंत असतानाच धाडतो आहे.

स्थळ: सातपूर, नाशिक
दिनांक: १४ डिसेंबर २०२५
सही: बहिरू रामजी पेखळे

साक्षीदार:
१. भिकन, शेजारी
२. नाथा, ढोलपथकवाला (कलम ३ वाचून म्हणाला, "ठेव तुझे ढोल उशाला," आणि सही केली.)

ता. क. आज सायलीने बोटाने ढोलावर एकदा टकटक केलं. मी लगेच उत्तर दिलं, तरी ती दाराकडेच बघत राहिली. महेश, कधी येतोस ते लवकर लिही.