माझे वीस टाला

सोमवार, २७ एप्रिल

चौसष्ट! आज मुद्दाम मोजली. सातवीची एकतीस, आठवीची तेहतीस — खोली एक, फळा एक, बाई एक. विज्ञानाचे इआकोपो सर ऑक्टोबरात न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेले, त्यांच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. येणारही नाही. कोण येईल? फोनोती सर मुख्याध्यापक आहेत, तेव्हा त्यांच्याकडे उत्तर तयार असतं — "थोडं सांभाळून घ्या, फुआतिनो बाई." सहा महिने सांभाळतेच आहे. इआकोपो सरांचा वर्ग माझ्याकडे आला, त्यांचा पगार नाही आला. तो कुठे गेला हे विचारायचं नसतं.

सकाळी घंटा द्यायला गेले तर लोखंडी दांडाही कोणीतरी पळवलेला. गॅसच्या रिकाम्या सिलिंडरवर दगडाने ठोकली घंटा. पंधरा वर्षांची नोकरी ही.

मंगळवार, २८ एप्रिल

राजधानीतून, आपियाहून, व्हालासीचा फोन. शाळेत माझ्या वहीतली गणितं उतरवून काढायची ती आता बँकेच्या काउंटरवर बसते, गार हवेत, माझ्या दीडपट पगारावर. मला म्हणते, "तुझं बरंय बाई, दोन वाजता घरी!"

मी फोन ठेवून दिला. खोटं कशाला लिहू — आधी "हो ना गं" म्हटलं, मग ठेवला. त्याचाच जास्त राग आला.

शुक्रवार, १ मे

सफरचंदवाले आले. दुपारच्या बोटीने आमच्या सवाई बेटावर उतरले आणि संध्याकाळच्या प्रार्थनेआधी गावात गाणी सुरू. लाफाएलेने तर व्हॅनच घेतलीय, जुनी, पण मागे कपाटाएवढा स्पीकर.

रस्त्यात माझ्याजवळ थांबवली. "बाई, बसा की. सोडतो घरी."

नको म्हटलं. उन्हात पाऊण तास चालले आणि सगळा रस्ता स्वतःला शिव्या दिल्या.

हा लाफाएले आठवीत माझ्याकडे दोनदा होता. दोन्ही वेळा मी नापास केलं, दोन्ही वेळा बरोबर केलं. त्याला वाचता येत नव्हतं. अजूनही धड येत नाही. दर जूनमध्ये अळकुड्यांची जुडी घेऊन येतो, पुढच्या हंगामाचा कोरा फॉर्म पुढे ठेवतो, आणि मी इंग्रजीत भरते — जन्मतारीख, आजार, पूर्वीचा अनुभव. खाली तो जीभ बाहेर काढून नावाची सही करतो. तेवढं एक नाव त्याचं, बाकी सगळं अक्षर माझं. नुसता तोच नाही, निम्म्या गावाचे फॉर्म मी भरते. वकील असते तर फी घेतली असती. डॉक्टर असते तर आधी बाकावर बसवून ठेवलं असतं. बाई आहे म्हणून अळकुड्या!

आणि सहा महिन्यांत तो जे घेऊन येतो ते माझ्या वर्षाच्या पगाराहून जास्त.

बुधवार, ६ मे

खात्याचे साहेब आले. पांढरी गाडी, इस्त्रीचा शर्ट, फणसाच्या झाडाखाली आम्हा पाच जणांपुढे भाषण. "शिक्षकी ही नोकरी नव्हे, ही सेवा आहे."

मी विचारलं, "साहेब, मग तुमची काय आहे?"

फोनोती सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. साहेब हसले. म्हणाले, "बाई, डॉक्टर-इंजिनिअरांशी तुलना करून कसं चालेल?"

"त्यांच्याशी कुठे करतेय? सफरचंदं तोडणाऱ्यांशी करतेय."

मग हसले नाहीत. पाणी प्यायले आणि घड्याळ बघितलं.

तोडणाऱ्यांना जास्त का मिळतं हा माझा प्रश्नच नाही. इआकोपो सर काल भेटले, खांदा वर होत नाही त्यांचा. मिळालंच पाहिजे त्यांना. माझा प्रश्न एवढाच आहे की फॉर्मवरचं इंग्रजी वाचायला शिकवणारीचं मोल पेटीभर सफरचंदांएवढंही नाही का?

गुरुवार, ७ मे

ठरलं. लेउतेआ मामाकडे गेले. आमच्या घराण्याचा मुखिया तो, गावसभेत त्याच्या शब्दाला वजन आहे. सरळ सांगितलं — पास्टरना गाव घर देतं, पाळीपाळीने जेवण पोचवतं, वर दर पंधरवड्याला पाकीट. त्याला कोणी पगार म्हणत नाही, पण पास्टरांची बायको कधी उधारीने साबण आणत नाही. मग शाळेतल्या आम्हा लोकांसाठी गावाने दरमहा काहीतरी बाजूला काढावं. नाहीतर गाव दरवर्षी न्यूझीलंडला बारा जण पाठवतं, त्यांच्या या वर्षीच्या यादीत माझं नाव घाला. मळ्यावर पॅकिंगला बायका लागतात, मी जाते.

 मामा पंख्याने वारा घेत म्हणाला, "चर्चच्या मे महिन्यातल्या देणगीच्या दुसऱ्या दिवशी सभा आहे. तेव्हा काढतो विषय." आणि मी उठताना, "यादीचं म्हणशील तर नियम एकच. जो गावासाठी हात सैल सोडतो, तो आधी. जागा बारा, मागणारे चाळीस."

शनिवार, १६ मे

उद्या देणगी. दरवर्षी मी तीनशे टाकते, त्यातले दोनशे उसने. का? तर भर चर्चमध्ये एकेकाचं नाव आणि आकडा मोठ्याने वाचतात म्हणून. शिक्षिकेचा आकडा कमी दिसायला नको म्हणून! पंधरा वर्षं मी उसने पैसे काढून माझा पगार मोठा असल्याचं सोंग केलंय, आणि मग गावाला वाटतं, बाईंचं छान चाललंय.

या वर्षी सोंग नाही. पाकिटात वीस टाला. बिल भरून, तांदूळ-साबण आणून माझ्याजवळ उरतात तेवढेच. वाचा मोठ्याने! सगळ्या गावाला कळू दे बाई किती कमावते, आणि दुसऱ्या दिवशी सभेत बसा.

आईने पाकीट चाचपून पाहिलं. "वीस? अगं, पोरं बिस्किटांवर उडवतात तेवढे."

"तेच तर सांगायचंय."

"मी उद्या पांढरी टोपी घालून पहिल्या रांगेत बसायचं, आणि तुझ्या बापाच्या नावापुढे वीस ऐकायचं?"

"माझ्या नावापुढे, आई. बाबांच्या नाही."

 पाकीट मात्र तिनेच नेलं, चर्चच्या कारभाऱ्यांकडे आज दुपारीच द्यायचं असतं. लाफाएलेची व्हॅन तिकडेच निघाली होती, तिच्यातून गेली. परतली ती डोळे लाल करून. मी विचारलं नाही. आज मला कोणाचीही कीव करायची नाही.

रविवार, १७ मे



कारभाऱ्यांनी वाचायला सुरुवात केली. आठशे. पाचशे. इआकोपो सर, सहाशे. लाफाएले — साठ. साठ! गेल्या वर्षी त्याचे हजार होते. मागच्या बाकांवर कोणीतरी फिस्सकन हसलं. स्पीकरला पैसे आहेत, देवाला नाहीत, असं माझ्याही मनात आलंच. तो खाली बघत बसला होता.

मग माझं नाव. मी मान ताठ केली. मनात म्हटलं, वाच.

"फुआतिनो — एक हजार वीस टाला."

सगळ्या चर्चमधून "मालो, मालो" उठलं, म्हणजे शाब्बास, शाब्बास. पास्टरांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. आईने टोपी सारखी केली.

एक हजार वीस! ते वरचे वीस माझे आहेत. ते मला ओळखू येतात. हजार कोणाचे? कारभारी चुकले म्हणावं तर ते तिघे मिळून मोजतात.

जेवायला बसल्यावर आईला विचारलं. तिने नारळाच्या दुधातल्या अळूच्या पानांचा आणखी एक पुडा माझ्या ताटात ठेवला.

सोमवार, १८ मे

सभा झाली. मला सभेच्या घराच्या कडेला, खांबापाशी बसवलं होतं, बोलायचं नव्हतं. मामाने विषय काढला. प्रामाणिकपणे काढला, खोटं का बोलू.

एक म्हातारबुवा नुसते हसले. "काल हजार वीस देणाऱ्या बाईला आम्ही काय देणार? तीच आम्हाला देईल."

सगळे हसले. फोनोती सरही — मागणं तर त्यांच्यासाठीही होतं ना! विषय संपला. पाच मिनिटं लागली नाहीत.

तळपायाची आग मस्तकात गेली. बोलायचं नव्हतं तरी बोलले. "मग माझं नाव यादीत घाला. चौसष्ट पोरं तुम्हीच सांभाळा."

 मामाने माझ्याकडे बघितलंच नाही. "लिहून घ्या," एवढंच म्हणाला.

मंगळवार, १९ मे

हजार लाफाएलेचे.

आईने शेवटी सकाळी सांगितलं. शाळा सुटल्यावर तडक त्याच्याकडे गेले. तो नव्या घरापाशी होता. खांब उभे आहेत, वर काही नाही, पत्रे पुढच्या हंगामाच्या कमाईवर. बायको पोटुशी, चटईवर बसून विणायची पानं सोलत होती. तिच्यासमोरच सुरू झाले.

"तुला कोणी सांगितलं होतं?"

"बाई, तुमची आई गाडीत रडत होती."

"रडू दे! ते वीस मला ऐकवायचे होते. गावाला ऐकवायचे होते. तू माझं तोंड बंद केलंस, कळतंय का?"

त्याला कळत नव्हतं. खरंच नव्हतं. वर्गात फळ्याकडे बघायचा तसाच माझ्याकडे बघत होता. "तुमच्या नावापुढे वीस वाचलं असतं तर मला तिथे बसवलं नसतं, बाई. लोक म्हणाले असते, हिच्या हाताखालून गेलेले सगळे मेले काय?"

"आणि तुझे साठ? तुला हसले ते."

"हसू देत. दोन दिवस हसतील. मी काय, नोव्हेंबरात निघालोच."

मी म्हटलं, आत्ता जाऊन मामाला खरं सांगते. तेव्हा मात्र घाबरला. "नको, बाई. कारभाऱ्यांना वाटेल त्यांना फसवलं. तुमच्या आईचं नाव येईल."

निघताना त्याच्या बायकोने पपई दिली. घेतली. चिडलेल्या माणसाने पपई घेऊ नये, चालताना सगळा रुबाब जातो.

बुधवार, २० मे

राग उतरत नाही. कोणावर धरायचा तेही धड कळत नाही. त्या पोराला मी दोन वर्षांत वाचायला शिकवू शकले नाही — तेव्हाही वर्गात अठ्ठावन्न होती — आणि तो माझी लाज राखतो. मला कमी पगार मिळतो म्हणून ओरडते, पण त्याला वाचता येत नाही याचा पगार मी घेतलाच की.

हे कोणाला दाखवणार नाही.

शनिवार, ३० मे

मामाला खरं सांगायला हवं. दोनदा त्याच्या दारापर्यंत गेले. दुसऱ्यांदा तो स्वतःच म्हणाला, "तुझं नाव वर आहे, काळजी करू नकोस."

मी "बरं" म्हटलं आणि परत आले. आधी यादी लागू दे. मग सांगेन.

गुरुवार, ४ जून

आठवीला अपूर्णांक. सफरचंदाचे चार भाग करा म्हटलं तर मागून एक पोरगा म्हणतो, "बाई, तुम्ही पण जाणार ना तोडायला?" सगळा वर्ग खिदळला. मी खडू फेकला, लागला भलत्यालाच. बायका तोडत नाहीत रे मूर्खा, पॅकिंग करतात!

शुक्रवार, १२ जून

यादी लागली, चर्चच्या फळ्यावर. बारा नावं. चौथं माझं. लाफाएलेचं नाही. मामाने नियम पाळला — एक हजार वीस वर, साठ खाली.

शाळा सुटल्यावर लाफाएले व्हरांड्यात आला. अळकुड्यांची जुडी, कोरा फॉर्म.

"यादी पाहिलीस?"

"कशाला, बाई? तुम्ही सांगालच की."

फॉर्म माझ्यापुढे सरकवला आणि सहीसाठी पेन उघडून बसला.